ब्रिटनमध्ये फ्रीलान्स इव्हेंट टेक्निशियन म्हणून उभं राहताना: आधी काय, मग काय

पुण्यामुंबईत साउंड, लाइट, एलईडी वॉल नाहीतर ट्रसचं (दिवे-स्पीकर टांगायच्या धातूच्या चौकटीचं) काम पाच-सात वर्षं केलेली मुलं ब्रिटनला येतात, तेव्हा त्यांच्या हातात कसब असतं. तरीही पहिल्या सहा महिन्यांत बरेच जण अडकतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच निघतं: क्रम चुकला. काम आधी घेतलं आणि व्हिसावर ते चालतं का हे नंतर पाहिलं. मिक्सर आधी विकत घेतला आणि विमा नंतर शोधला. पैसे खर्च झाले आणि मग जानेवारीत कराचं बिल आलं. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा.

दोन गोष्टी आधीच सांगतो. व्हिसाचे आणि कराचे आकडे इथे वरचेवर बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा तपासा. आणि स्कॉटलंडमध्ये राहणार असाल तर आयकराचे टप्पे वेगळे आहेत. इथला हिशोब इंग्लंडचा आहे.

## १. व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय चालतो का, ते पाहा

सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर होतं. 'काम करायची परवानगी आहे' आणि 'स्वतंत्र व्यवसाय करायची परवानगी आहे' या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. फ्रीलान्सरला दुसरी लागते.

स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र व्यवसायाला मनाई आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण ते नोकरी म्हणूनच. 'एकाच शनिवारचं लग्न आहे, माझ्या नावाने बिल देतो' असं म्हणून केलेलं काम हा नियमभंग ठरतो, आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जात तो आडवा येतो.

स्किल्ड वर्कर व्हिसावर तुम्ही स्पॉन्सर कंपनीच्या नोकरीसाठी आलेले असता. जादा कामाची मुभा आहे, पण तिला तासांच्या आणि हुद्द्याच्या अटी आहेत. या व्हिसावर फ्रीलान्स काम धरायचं असेल, तर आधी नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. सहकाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे इथलं शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या व्हिसावर, स्वतंत्र व्यवसाय करता येतो. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज केला तर तो दोन वर्षांचा मिळतो, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांचा. पीएचडीवाल्यांना तीन वर्षं. स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला मिळणाऱ्या डिपेंडंट व्हिसावरही स्वतंत्र व्यवसाय चालतो. हे अनेक जोडप्यांच्या लक्षातच येत नाही आणि जोडीदार वर्षभर घरी बसून राहतो.

इथे न शिकलेल्या, थेट भारतातून येणाऱ्या तरुण टेक्निशियनसाठी खरा रस्ता आहे इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम. वय १८ ते ३० आणि किमान पदवी लागते. आधी सोडतीत नाव लागावं लागतं. सोडत साधारण वर्षातून दोनदा निघते, फक्त दोनेक दिवस खुली असते आणि तिला पैसे पडत नाहीत. नाव लागल्यावर खात्यात २,५३० पौंडांइतकी रक्कम सलग २८ दिवस असल्याचा पुरावा, टीबीच्या चाचणीचं प्रमाणपत्र आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार १,५५२ पौंड लागतात. व्हिसाची फी वेगळी. मुदत दोन वर्षं, आणि ती वाढवून मिळत नाही.

या योजनेत स्वतंत्र व्यवसाय करता येतो, पण तीन अटींवर: जागा भाड्याची हवी, व्यवसायाचं सामान ५,००० पौंडांपेक्षा जास्त किमतीचं नको, आणि पगारी माणूस ठेवायचा नाही. आपल्या धंद्यात ५,००० पौंड म्हणजे काहीच नाही. एक बरा डिजिटल मिक्सर, चार वायरलेस माइक आणि एक लॅपटॉप घेतलात की सीमा जवळ आलीच. 'तिकडे जाऊन छोटी रेंटल कंपनी काढतो' हा बेत या व्हिसावर बसत नाही. तुम्ही तुमचे हात आणि डोकं भाड्याने द्यायचं, सामान कंपनीचं. मदतीला मित्राला घेऊन त्याला रोजंदारी देणंही टाळा. तो तुमचा नोकर ठरू शकतो.

थांबा आणि तपासा: तुमच्या ई-व्हिसावर लिहिलेल्या अटी स्वतः वाचल्यात का? एजंटने काय सांगितलं ते बाजूला ठेवा. स्वतंत्र व्यवसायाला मनाई असेल तर पुढच्या पायऱ्यांपैकी फक्त पगारी कामाच्या तेवढ्या वापरा.

## २. भारतातून निघण्याआधी

सीव्ही आधी दुरुस्त करा. इथे सीव्हीवर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही, हे काही लिहीत नाहीत. एक पान पुरे, फार तर दोन. 'लाइव्ह इव्हेंट्सचा दांडगा अनुभव' या वाक्याने क्रू बुक करणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याला हवं असतं: कोणता कन्सोल, किती प्रेक्षकांची जागा, त्या शोमध्ये तुमचं नेमकं काम काय. 'फ्रंट ऑफ हाउस, यामाहा सीएल ५, १,२०० जणांचं नाट्यगृह, २२ वायरलेस चॅनल' अशी एक ओळ परिच्छेदभर कौतुकापेक्षा जास्त काम करते.

लाइटवाल्यांनी एक गृहपाठ इथूनच करून निघावा. आपल्याकडे कॉर्पोरेट आणि कॉन्सर्टच्या कामामुळे हात ग्रँडएमए किंवा अ‍ॅव्होलाइट्सच्या कन्सोलवर बसलेला असतो. ब्रिटिश थिएटरमध्ये मात्र ईटीसी कंपनीचा ईऑस कन्सोल जागोजागी भेटतो, आणि ठरलेल्या क्षणी आवाज वाजवण्यासाठी, म्हणजे साउंड क्यूसाठी, मॅकवर चालणारं क्यूलॅब हे सॉफ्टवेअर. ईऑसची ऑफलाइन आवृत्ती फुकट मिळते. 'वन थ्रू फाइव्ह अ‍ॅट फुल' अशी आज्ञा बोटांना न बघता टाइप करता आली पाहिजे, इतका सराव करा. डिझायनर प्रेक्षागृहातून आकडे सांगत असतो आणि तुम्ही की शोधत असता, तो अर्धा मिनिट फार लांब वाटतो.

हत्यारं आणा, विजेची उपकरणं आणू नका. पान्हे, हेडटॉर्च, स्टीलच्या टोकाचे बूट, हातमोजे, काळे कपडे हे सगळं चालतं. पण वायरलेस माइक आणण्याआधी त्याची फ्रिक्वेन्सी बघा. ब्रिटनमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मे २०२० पासून माइकसाठी बंद आहे. विनापरवाना वापरता येतो तो ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झचा अरुंद पट्टा. चॅनल ३८ साठी, म्हणजे ६०६.५ ते ६१३.५ मेगाहर्ट्झसाठी, ऑफकॉम या दूरसंचार नियामकाचा परवाना घ्यावा लागतो. भारतात घेतलेला सेट यात बसत नसेल, तर परवान्याशिवाय तो इथे चालू करणं बेकायदा ठरू शकतं.

आणखी एक: मल्टिटूल. आपल्याकडे तो पट्ट्याला लावून रिक्षातून फिरतो. इथे तीन इंचांपेक्षा लांब पात्याचा किंवा उघडल्यावर लॉक होणाऱ्या पात्याचा चाकू सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी बाळगणं गुन्हा आहे, आणि बहुतेक चांगल्या मल्टिटूलचं पातं लॉक होतं. कामावर जाताना हत्यारांच्या पेटीत आहे, हे कारण चालतं. काम संपल्यावर तोच कमरेला लावून पबमध्ये बसलात तर चालत नाही. पेटीत ठेवायची सवय लावा, किंवा बिनपात्याचा घ्या.

गाडी चालवत असाल तर भारतीय लायसन्स बरोबर ठेवा. इथे राहायला आल्यापासून १२ महिने ते चालतं. त्यानंतर थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा देऊन इथलं काढावं लागतं. परीक्षेची तारीख मिळायला महिने लागतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच कामाला लागा. रात्री दीडला गेट-आउट, म्हणजे शोनंतर सामान उतरवून बाहेर काढणं, संपतो तेव्हा ट्रेन नसते. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला काम आधी मिळतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

## ३. उतरल्यावरचे पहिले तीन आठवडे

इथे वेळ घालवू नका, फक्त क्रम पाळा. आधी पत्ता, मग बँक खातं, मग नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विमा) नंबर. नंबरचा अर्ज ऑनलाइन आणि मोफत असतो. पैसे घेऊन काढून देणाऱ्या साइट्सकडे फिरकू नका. नंबर यायच्या आधीही काम सुरू करता येतं, फक्त कामाचा हक्क सिद्ध करावा लागतो. त्यासाठी ई-व्हिसाच्या खात्यातून शेअर कोड काढायचा, तो ९० दिवस चालतो.

व्यवसायाचे पैसे यायला वेगळं खातं उघडा, अगदी पहिल्या दिवसापासून. घरखर्चाच्या खात्यात बिलाचे पैसे आले की आपली कमाई कोणती आणि कराची कोणती, हा फरक डोळ्यांना दिसेनासा होतो. भारतातल्या बँकेला तुम्ही अनिवासी झाल्याचं कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्या, तेही याच महिन्यात.

## ४. 'फ्रीलान्स' म्हणजे नक्की काय, ते प्रत्येक कामाआधी विचारा

मराठीत आपण 'फ्रीलान्स' म्हणतो तेव्हा 'कायम नोकरी नाही' एवढंच म्हणायचं असतं. इथे पैसे कसे मिळणार याचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत.

पहिला पेई, म्हणजे 'पे अ‍ॅज यू अर्न'. कंपनी किंवा थिएटर तुम्हाला कॅज्युअल कामगार म्हणून घेतं, कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापून पगार देतं, सुट्टीचा पगारही देतं. थिएटरचं बरंच रोजंदारी काम असं असतं.

दुसरा स्वतंत्र व्यवसाय. तुम्ही बिल पाठवता, पूर्ण रक्कम मिळते आणि कर तुम्ही नंतर भरता.

एकाच आठवड्यात तुम्ही दोन्ही असू शकता, त्यात गैर काही नाही. गैर काय, तर तुम्हाला वेळ, जागा, काम, वरिष्ठ सगळं ठरवून देऊन कंपनीने 'बिल पाठव' म्हणणं. अशी रचना तपासण्यासाठी एचएमआरसी या कर खात्याने सेस्ट नावाचं ऑनलाइन साधन ठेवलंय. शंका आली तर स्वतः भरून पाहा आणि निकाल जपून ठेवा.

स्वतंत्र व्यवसायातून वर्षाला १,००० पौंडांपेक्षा जास्त जमा झाली की सेल्फ असेसमेंटसाठी, म्हणजे स्वतः विवरणपत्र भरून कर देण्यासाठी, नोंदणी लागते. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. ज्या करवर्षात काम सुरू केलं ते संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत मुदत असते. पण पहिल्या बिलाच्या आठवड्यातच नोंदणी उरका. युनिक टॅक्सपेअर रेफरन्स हा दहा आकड्यांचा क्रमांक टपालाने येतो, आणि दरम्यान तुम्ही खोली बदललीत तर पत्र जुन्या पत्त्यावर जातं.

नेहमीची चूक: आल्या आल्या लिमिटेड कंपनी काढणं. एकट्या टेक्निशियनला सुरुवातीला तिची गरज नसते. सोल ट्रेडर म्हणून, म्हणजे कंपनी न काढता स्वतःच्या नावाने, सुरू करा. हिशोब कमी, खर्च कमी.

## ५. विमा आधी, कार्ड मग, फोन त्यानंतर

पब्लिक लायबिलिटी विमा नसेल तर बहुतेक जागांच्या दारातून आत घेत नाहीत. अनेक ठिकाणी ५० लाख पौंडांचं संरक्षण मागतात, मोठ्या ठिकाणी एक कोटीचं. आकडा मोठा वाटतो, पण हप्ता त्या मानाने फार कमी असतो. पॉलिसी घेताना किमतीआधी बारीक अक्षरं वाचा. किती उंचीपर्यंतचं काम धरलंय? रिगिंग, म्हणजे उंचावर वजन टांगण्याचं काम, धरलंय का? रात्री गाडीत ठेवलेल्या हत्यारांची चोरी धरली आहे का? बऱ्याच पॉलिसींमध्ये शेवटचं नसतं. पडद्यामागच्या कामगारांची संघटना आहे बेक्टू. तिच्या फ्रीलान्स सभासदांना विम्याची सोय मिळते, शिवाय थकलेल्या बिलासाठी सल्लाही. मला वाटतं नव्या माणसाने पहिल्याच वर्षी सभासद व्हावं.

कार्डांच्या बाबतीत घाई नको. सिझर लिफ्ट किंवा बूम चालवायचा असेल तर आयपॅफ या संस्थेचं पॅल कार्ड, त्यात ३ए म्हणजे सिझर आणि ३बी म्हणजे बूम. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांच्या टॉवरसाठी पास्मा या संस्थेचं कार्ड. दोन्ही पाच वर्षं चालतात. रिगरने प्लासाच्या नॅशनल रिगिंग सर्टिफिकेटकडे बघावं, पण इथलं थोडं काम करून. साउंडवाल्याने पहिल्या महिन्यात सगळी कार्डं काढून ठेवू नयेत. आयपॅफ ३ए एवढं एक घ्या, कारण लाइट असो, स्पीकर असो, वर चढायचं सगळ्यांनाच असतं. शिडीवरून ट्रसवर चढून, कमरेला दोर न लावता बल्ब बदलून येणं ही आपल्याकडची हुशारी इथे कुणी हुशारी मानत नाही. वर्क अ‍ॅट हाइट नियम २००५ पासून आहेत, आणि असं करणाऱ्याला त्याच मिनिटाला घरी पाठवतात. पुन्हा बोलावत नाहीत.

## ६. वीज: इथे जुनी सवय जीव घेऊ शकते

व्होल्टेज आपल्यासारखंच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो.

आधी रंग. आपल्याकडे तीन फेज म्हणजे लाल, पिवळा, निळा. न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवी. ब्रिटनमध्ये आता फेज तपकिरी, काळा, करडा. न्यूट्रल निळा, अर्थ हिरवा-पिवळा. पुन्हा वाचा. आपला न्यूट्रलचा काळा इथे जिवंत फेज आहे, आणि आपला फेजचा निळा इथे न्यूट्रल आहे. अडचण एवढ्यावर संपत नाही. ब्रिटनने हे रंग २००४ पासून बदलायला घेतले आणि २००६ पासून नव्या कामाला सक्तीचे केले. त्याआधी इथले रंग आपल्यासारखेच होते. म्हणून जुन्या नाट्यगृहात एकाच इमारतीत दोन्ही पद्धतींच्या वायरी सापडतात.

त्यामुळे रंगावरून कधीही वायर जोडू नका. मुळात इनकमिंग सप्लाय जोडणं तुमचं कामच नाही, ते तिथल्या जबाबदार इलेक्ट्रिशियनचं. तात्पुरत्या वीजजोडणीसाठी बीएस ७९०९ नावाची आचारसंहिता आहे, आणि जोडणीची जबाबदारी कुणाची हे तीत नेमून द्यावं लागतं. शोला पोचल्यावर विचारा, 'आज विजेला कोण जबाबदार आहे?' नाव कळल्याशिवाय डिस्ट्रोला, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या पेटीला, हात लावू नका. खिशातला निऑन टेस्टर घरी ठेवा, इथे तो पुरावा म्हणून कुणी धरत नाही. दोन टोकांचा टेस्टर लागतो, आणि तो आधी प्रूव्हिंग युनिटवर (टेस्टर चालतो का ते दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासून मगच वापरतात. वापरून झाल्यावर पुन्हा तपासतात.

आता प्लग. घरात असतो तो चौकोनी पिनांचा १३ अँपियरचा, आत फ्यूज असलेला. पण थिएटरमध्ये, दिवे टांगायच्या नळीवर आणि स्टेजच्या कडेला, तीन गोल पिनांचं मोठं सॉकेट दिसतं. आपल्या गीझरच्या पॉवर पॉइंटसारखंच, कारण आपला १५ अँपियरचा प्लग याच ब्रिटिश नमुन्यावरून आलेला आहे. माणसाला वाटतं, वा, ओळखीचं भेटलं. उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या नाट्यगृहात मी याच समजुतीने वायरलेस रिसीव्हरचा सप्लाय तिथे लावला. पाच मिनिटं सगळं ठीक होतं. मग लाइटवाल्याने तो चॅनल निम्म्यावर आणला. रिसीव्हरचा हिरवा दिवा थरथरला, आतून बारीक किणकिण आली आणि तो विझला.

ब्रिटिश थिएटरमधलं १५ अँपियरचं गोल सॉकेट बहुधा डिमरचं, म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचं, असतं. त्यात फक्त हॅलोजनचे लाइट लावायचे. मूव्हिंग हेड, एलईडी, मिक्सर, लॅपटॉप, रिसीव्हर काहीही लावायचं नाही. त्यांना 'हार्ड पॉवर' किंवा 'नॉन-डिम' लागते. सॉकेटवर लेबल नसेल तर विचारा. अशा प्रश्नाला कुणी हसत नाही, उलट विचारणाऱ्याबद्दल भरवसा वाटतो.

मोठ्या शोमध्ये निळे १६, ३२ आणि ६३ अँपियरचे सिंगल फेज आणि लाल थ्री फेजचे सीफॉर्म प्लग-सॉकेट येतात, ते आपल्याकडेही ओळखीचे आहेत. पिवळा दिसला तर तो ११० व्होल्टचा, बांधकामाच्या साइटवरचा. पॉवरलॉक (मोठ्या वीजपुरवठ्याचे सुटे कनेक्टर) जोडताना अर्थ, मग न्यूट्रल, मग तीन फेज. काढताना बरोबर उलट क्रम.

तपासा: तुमच्या बॅगेत भारतातून आणलेलं एक्स्टेन्शन बोर्ड आहे का? असेल तर ते घरीच राहू द्या. त्याच्या प्लगमध्ये फ्यूज नाही आणि त्यावर तपासणीचं लेबल नाही.

## ७. पहिलं काम मिळवताना

आता फोन उचला. कुणाला आणि कधी, ते मोसमावर ठरतं.

ऑगस्टमध्ये एडिनबराच्या फ्रिंज महोत्सवाला टेक्निशियनची फौज लागते, आणि माणसं वसंतातच ठरतात. तिथे एका हॉलमध्ये दिवसाला सात-आठ वेगवेगळे शो होतात. एक शो उचलून दुसरा लावायला पंधरा मिनिटं. आपल्याकडे दुपारचा प्रयोग संपवून रात्रीचा सेट उभा केलेल्याला ही धावपळ नवी नाही. पैसे फार नसतात, पण महिन्याभरात ओळखी होतात त्या वर्षभर पुरतात. कॉन्फरन्सचं काम लंडनच्या एक्सेल किंवा बर्मिंगहॅमच्या एनईसीसारख्या ठिकाणी वसंतात आणि शरद ऋतूत भरपूर असतं, ऑगस्टमध्ये आणि नाताळनंतर मंद. डिसेंबरात जवळजवळ प्रत्येक गावातल्या थिएटरात पँटोमाइम, म्हणजे नाताळचं विनोदी संगीत नाटक, लागतं. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी कोरडे जाऊ शकतात, तेवढी शिल्लक आधीच ठेवा.

देशी लग्नांचं काम लवकर मिळतं, कारण भाषा आणि ओळख असते. घ्या, जरूर घ्या. पण रोख पैसे, लेखी काही नाही, 'आपलाच मुलगा आहेस' आणि पहाटे चारला सुटका, असं असेल तर नम्रपणे नाही म्हणा. एक ईमेल मागा: तारीख, तास, रक्कम, पैसे कधी. जो एवढंही द्यायला तयार नाही, तो पैसे द्यायलाही वेळ लावतो.

दर ठरवताना पुढचं विचारून घ्या: दिवस किती तासांचा धरलाय, बहुतेक ठिकाणी दहा असतो. त्यापुढच्या तासाचं काय? मध्यरात्रीनंतरचं काय? प्रवास, मुक्काम, जेवण कुणाचं? शो रद्द झाला तर किती मिळतं, आणि किती दिवस आधी कळवलं तर काही मिळत नाही? दर अगदीच पडका वाटला तर एक ढोबळ ताळा करा. एप्रिल २०२६ पासून २१ किंवा त्याहून जास्त वयाच्या नोकरदाराचं किमान वेतन तासाला १२.७१ पौंड आहे. तुम्हाला सुट्टीचा पगार नाही, आजारपणाचा नाही, विमा तुमचा, हत्यारं तुमची. मग तुमचा तास याच्या आसपास बसत असेल, तर तुम्ही तोट्यात आहात.

कामावर पोचल्यावर कानाला दोन-तीन शब्द नवे लागतील. 'द हाफ' म्हणजे अर्धा तास नव्हे, पडदा वर जायच्या ३५ मिनिटं आधीची पुकार. 'एलएक्स' म्हणजे लाइट. 'प्रॉम्प्ट साइड' म्हणजे सहसा नटाची डावी बाजू. हेडसेटवर, ज्याला 'कॅन्स' म्हणतात, स्टेज मॅनेजर 'स्टँडबाय एलएक्स बारा' म्हणाला की 'एलएक्स स्टँडिंग बाय' असं उत्तर द्यायचं आणि गप्प राहायचं. 'गो' हा शब्द कॅन्सवर त्याच्याशिवाय कुणी उच्चारत नाही. आपल्याला 'गो अहेड' म्हणायची सवय असते. ती मोडा, कारण त्या एका शब्दावर कुणीतरी बटण दाबायला बोट रोखून बसलेलं असतं.

कानांची काळजी पहिल्या शोपासून घ्या. २००५ च्या आवाजविषयक नियमांत दिवसाची सरासरी ८० डेसिबलला गेली की मागणाऱ्याला कानाचं संरक्षण द्यावं लागतं, ८५ ला ते वापरणं बंधनकारक होतं. डीजेच्या भिंतीपुढे उभं राहून आलेल्या आपल्या पिढीला हे जरा जास्तच सांगावं लागतं.

## ८. बिल

काम संपलं त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी बिल पाठवा. त्यावर हवं: बिलाचा स्वतंत्र क्रमांक, तुमचं खरं नाव आणि पत्ता, कंपनीचं नाव-पत्ता, कामाची तारीख, कामाचं वर्णन, बिलाची तारीख, रक्कम, खातं क्रमांक आणि सॉर्ट कोड. मोठ्या कंपनीसाठी पर्चेस ऑर्डरचा क्रमांक काम सुरू होण्याआधीच मागून घ्या. तो नसलेलं बिल कुणी नाकारत नाही, नुसतं पडून राहतं. व्हॅट लावू नका. त्याची सक्ती १२ महिन्यांत ९०,००० पौंडांच्या वर उलाढाल गेली तरच.

मुदत ठरली नसेल तर कायद्याने ३० दिवस. त्यापुढे बँक ऑफ इंग्लंडचा दर अधिक ८ टक्के इतकं व्याज मागता येतं, शिवाय १,००० पौंडांच्या आतल्या बिलाला ४० पौंड आणि त्यावरच्या १०,००० पर्यंतच्या बिलाला ७० पौंड ठरलेली भरपाई. आपल्याला हे मागायला संकोच वाटतो. पहिलं स्मरणपत्र गोड लिहा, दुसऱ्यात या कायद्याचा उल्लेख करा. माझं एक बिल चार महिने अडकलं होतं, ते दुसऱ्या पत्रानंतर नऊ दिवसांत आलं.

## ९. पहिला जानेवारी

समजा, पहिल्या पूर्ण वर्षात खर्च वजा जाता तुमचा नफा २४,००० पौंड झाला. पहिल्या १२,५७० वर आयकर नाही. उरलेल्या ११,४३० वर २० टक्के म्हणजे २,२८६ पौंड, आणि चौथ्या वर्गाचा, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिकांचा, नॅशनल इन्शुरन्स ६ टक्के म्हणजे ६८५.८०. एकूण २,९७१.८०. बहुतेक जण एवढे बाजूला ठेवतात आणि निर्धास्त राहतात.

३१ जानेवारीला मागणी येते ४,४५७.७० ची. कारण बिल १,००० पौंडांच्या वर असेल आणि तुमचा बहुतेक कर पगारातून कापला जात नसेल, तर पुढच्या वर्षाचा निम्मा कर आगाऊ भरावा लागतो. म्हणजे २,९७१.८० अधिक १,४८५.९०. आणि पुन्हा १,४८५.९० जुलैच्या ३१ तारखेला. ही अट कुणी आधी सांगत नाही आणि ती येते नेमकी कोरड्या महिन्यात.

म्हणून प्रत्येक बिलाचे पैसे आले की त्याच दिवशी ३० टक्के वेगळ्या बचत खात्यात टाका. हत्यारं, विमा, बूट, कामासाठीचा प्रवास यांच्या पावत्या फोनवर फोटो काढून ठेवा. व्यवसाय सुरू होण्याआधी त्यासाठीच घेतलेल्या वस्तूही धरता येतात, म्हणून भारतातल्या पावत्या फेकू नका. करवर्षानंतरच्या ३१ जानेवारीपासून पुढे पाच वर्षं हे सगळं जपायचं असतं. हिशोब पहिल्यापासून अ‍ॅपमध्ये किंवा स्प्रेडशीटमध्ये ठेवा. एप्रिल २०२६ पासून ५०,००० पौंडांवर जमा असणाऱ्यांना दर तिमाहीला डिजिटल हिशोब द्यावा लागतो. ही मर्यादा २०२७ मध्ये ३०,००० वर आणि २०२८ मध्ये २०,००० वर येणार आहे. मोजतात ती जमा, नफा नव्हे.

विवरणपत्र ऑनलाइन भरायची शेवटची तारीखही ३१ जानेवारीच. एक दिवस उशीर झाला तरी १०० पौंड दंड, कर शून्य निघाला तरीसुद्धा. ते ऑक्टोबरमध्ये भरून टाका. पैसे जानेवारीतच द्यायचे असतात, पण किती द्यायचे ते चार महिने आधी कळतं, आणि पँटोमाइमच्या मोसमात आणखी किती कामं घ्यायची हे त्यावरून ठरवता येतं.